एकसष्टावी पायरी

लिफ्ट बंद पडली त्याला वर्ष होत आलं.
दोरखंड जीर्ण झालाय म्हणे; दुरुस्तीचा कागद
या टेबलावरून त्या टेबलावर फिरतोय.
टेकडी मात्र होती तिथेच आहे.
एकशे चौऱ्याऐंशी पायऱ्या, खाली वालपारैसोचं बंदर,
आणि माझं दार एकसष्टावीवर.

बेलार्मिनो आधी मला ऐकू आला, मग दिसला.
एकतीस वर्षं जकातीच्या खिडकीत बसून शिक्के मारलेला माणूस,
लिफ्टने खाली, लिफ्टने वर,
पोट एवढं की बुटाची नाडी बायकोने बांधायची.
ती गेली, तेव्हापासून बिननाडीचे बूट.

पहिल्या दिवशी निघाला एका दमात चढायला.
पुरुषांना असतं ते.
माझ्या जिरेनियमच्या कुंडीला धरून
त्याने दुपारचं जेवण परत केलं,
आणि वर मलाच म्हणाला, माफ करा, मासा शिळा होता.
मी खुर्ची बाहेर आणली.
म्हटलं, बसा. दम खा.
मासा नंतर.

दुसऱ्या दिवशी त्याच्या खिशात खडू होता.
विसाव्या पायरीशी भिंतीवर रेघ, तिथे थांबायचं.
चाळिसाव्याशी दुसरी.
मग माझी खुर्ची, पाण्याचा पेला,
आणि बंदरातल्या समुद्रसिंहांचं भुंकणं,
ते ऐकत छाती जागेवर येईपर्यंत बसायचं.
बोलणं एकेका शब्दाचं.
"आज." मग श्वास. "धुकं." मग श्वास. "फार."
आठवड्याला रेघ दोन पायऱ्या वर सरकायची,
दोनच; तिसरीचा मोह झाला तर स्वतःलाच दम द्यायचा.
कोपऱ्यावरचा लंगडा कुत्रा
त्याच्यापुढे चढून जायचा आणि वळून बघायचा.
तो अपमान त्याने मुकाट गिळला.

जूनमधल्या पावसाने रेघा धुऊन नेल्या.
जुलैत तापाने तीन आठवडे अंथरुणात.
परत आला तेव्हा विसाव्यालाच गुडघे थरथरले;
मी वरून पाहत होते.
बराच वेळ तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.
मग खडू काढला
आणि सोळाव्या पायरीशी रेघ मारली.
मला वाटतं, तेवढंच त्याने खरं केलं,
बाकीचं पायांनी आपोआप केलं.

ऑक्टोबरात वाक्यं पूर्ण व्हायला लागली.
कर्ता, कर्म, क्रियापद, सगळं एका श्वासात:
"आज पाव गरम मिळाला, तुमच्यासाठी दोन आणलेत."
पेला अर्धाच संपायचा.
मग एका संध्याकाळी तो थांबलाच नाही.
टोपी उचलली, "शुभ संध्याकाळ" म्हणाला,
आणि बासष्ट, त्रेसष्ट, चौसष्ट,
बुटांचा आवाज वर वर गेला, कुठेही न तुटता.
नाड्या बांधलेल्या होत्या.

मला आनंद झाला.
झाला खरंच.
खुर्ची आत घेतली नाही, एवढंच.
चार दिवस तिच्यावर मांजर बसलं.

पाचव्या दिवशी तो आला, बसला,
पाव कागदातून काढून मांडीवर ठेवला.
मी विचारलं, दम लागला?
नाही म्हणाला.
मग दोघंही गप्प.
खाली एका जहाजावरून डबे उतरत होते,
निळा, तांबडा, परत निळा.
जाताना खडूचा तुकडा खुर्चीवर राहिला,
विसरला की ठेवला, मी विचारणार नाही.

नऊ वर्षं मी या टेकडीवर फक्त खाली गेलेय,
पावाला, दवाखान्याला, मयतांना.
वरून समुद्र कसा दिसतो, ते लोक सांगतात.
आज पहाटे, कुत्रासुद्धा झोपलेला असताना,
कठड्याला धरून निघाले.
सहासष्टाव्या पायरीवर छातीचा भाता झाला,
कानात ठोके.
खाली वाकता येईना, म्हणून रेघ
कमरेच्या उंचीवर मारली, वाकडीच आली.
पाच पायऱ्या.
तिथे बसायला काही नाही.
उद्या खुर्ची वर कोण नेणार,
ते त्यालाच विचारावं लागेल.